आबांची डबी आणि वाऱ्याचं यंत्र

मंगळवार, दिवेलागण

आज लई आनंद झाला, आणि रडू बी आलं. साक्षी, माझी नात, लांबच्या निशाणावर रायफल मारती. परवा तिची स्पर्धा हाय. वारा मोजायची दोन यंत्रं तिनं मागवलीत, एक ठेवायचं, एक परत धाडायचं. म्हणाली, "आजी, तूच पसंत कर." मी चौथी शिकलेली बाई!

तिचे आबा, म्हंजी आमचे हे, असते तर यंत्र लागलंच नसतं. ते तिच्यासंगं सरावाला जायचे, चुन्याच्या डबीतलं बाजरीचं भुसकट चिमटीनं सोडायचे आणि वारा सांगायचे. गेल्या थंडीत वारले. डबी माझ्या उशाशी हाय.

खळ्यावर यंत्र हातात घेतलं तर आकडा शून्य! साक्षी हसली, "आजी, वाऱ्याला पाठ केलीस. धान्य उफणतीस का काय?" व्हय की, जन्मभर तशीच उभी राहिले. तोंड फिरवलं तसं त्यातला चिमुकला पंखा गरगरला. दुसऱ्या यंत्राला मोबाईल जोडावा लागतो. मी म्हटलं, हेच ठेव, मला बी आकडा वाचता येतोय.

डबी मात्र देणार नव्हते. पण तिनं डबीसाठी हात पुढं केला. "यंत्र माझ्याजवळचा वारा सांगतंय, आजी. पुढं कसा वळतोय ते आबांचं भुसकटच दाखवतंय."

दिली. आधी त्यांच्या हातचं चिमूटभर भुसकट पदराच्या गाठीत बांधलं. आता वारा सुटलाय. गाठ मुठीत धरूनच लिहितीय.