बुजवलेलं दार

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी आज मधल्या खोलीची भिंत परत उकरली. चमचे-सुऱ्या मी कुलपात ठेवल्यात, तर स्क्रूड्रायव्हर कुठून पैदा केला देव जाणे. म्हणाले, इथे दार होतं, कुणीतरी बुजवलंय, मला घरी जायचंय. घरातच बसून घरी जायचं म्हणतात, त्यांना काय सांगू?

मी भोकं बुजवते, ते उकरतात. जन्मभर लोकांच्या भिंतींना गिलावा केलेल्या माणसाच्या घराची पार चाळण झालीय. माझी पुट्टीही वाळली की तडकते. काल रागाच्या भरात मी त्यांचा हात पिरगळला. मग दोघंही रडलो. माझ्याच्याने आता होत नाही रे.

लोभ असू दे, पण उत्तर लवकर दे.
तुझी,
ठकू

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तडकणारच! चित्र वाळायच्या आत त्यावर बोट फिरवणारी तू, तुला कुठला धीर? सुटी माती खरवडून काढ, भोक ओलं कर, पुट्टी पातळ थरांत भर. हे बाबांनीच शिकवलेलं. त्यांच्याच हातात थापी देऊन बघ ना, मन रमेल. मला सध्या रजा मिळणं अवघड आहे. जमवतो.

काळजी करू नकोस. तुझ्यावरचा जीव तसाच आहे.
तुझा,
दादा

ता. १६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

माळ्यावरची थापी काढून दिली. हाताला सगळं आठवत होतं! धूळ झाडली नाहीस तर माल धरेल कसा, म्हणून मलाच रागावले. दुपारपर्यंत सगळी भोकं बुजवली. तळवा फिरवला तरी सांधा लागत नाही. कामात गुणगुणत होते. वाटलं, सुटलो.

मग थापी धुतली, हात पुसले, चपला घातल्या आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. म्हणाले, बाई, काम झालं, निघतो आता. घरी मुलगी एकटी आहे, मी गेल्याशिवाय जेवत नाही ती.

ती मुलगी मीच. चहा घेऊन जा, एवढंच म्हटलं. परक्या घरी बसावं तसे खुर्चीच्या कडेवर बसलेत. समोर बसून हे लिहितेय. त्यांचा कप रिकामा होत आलाय.

लोभ पत्रातून पुरे झाला, दादा. आता तू ये.
ठकू