मे महिन्यातला युरोप

बाई, युरोपात उन्हाळा मे महिन्यात नसतो. हे मला स्वतःलाच आत्ता आत्ता कळलं. वसई रोडला तिकिटं काढून देणाऱ्या माणसासमोर बसून मी ठसक्यात सांगितलं, ‘मला उन्हाळाभर युरोपातली चित्रं बघायचीत, मेच्या पहिल्या आठवड्यात निघू.’ तो म्हणाला, ‘आँटी, समर म्हणजे तिकडे जुलै-ऑगस्ट. मेमध्ये जाल तर स्वेटर घालून फिराल.’ शेजारी बसलेली माझी मुलगी खुदकन हसली. आयुष्यभर पोस्टात नोकरी केली, देशोदेशीची पाकिटं हातावेगळी केली, आणि उन्हाळा मात्र तुमच्या हिशेबाने धरून बसले होते. वार्षिक परीक्षा संपली की सुरू, शाळा उघडली की खलास. मला हसू नाही आलं. तुमची चूक कुणीतरी चारचौघांत पकडली असं वाटलं आणि त्या बिचाऱ्याचा उगाच राग आला.

तुम्ही चित्रकलेच्या तासाला फळ्यावर खडूने युरोप काढायचात. इटलीचा बूट झोकात यायचा, बाकीचे देश अंदाजपंचे. त्या नकाशाला कारण मी होते, हे तुम्हाला आठवतं का? तुमच्याकडे रद्दीतून आणलेलं परदेशी चित्रांचं एक पुस्तक होतं, सगळी चित्रं काळीपांढरी. त्यात खिडकीशी बसून धान्य निवडणारी एक म्हातारी होती. तुम्ही वर्गाला सांगत होतात, ‘हिची शाल लाल आहे. कुठला लाल? रविवारी चर्चमध्ये मिस्साला येणाऱ्या तुमच्या आज्यांच्या लुगड्याचा लाल.’ आम्ही भुईगावची पोरं खूश झालो, युरोपातली म्हातारी आमच्या आळीतली निघाली म्हणून. आणि मी आगाऊपणे विचारलं, ‘बाई, तुम्ही खरं चित्र पाहिलंय?’ वर्ग हसला. तुमचा चेहरा उतरला. ‘ऊठ. बाहेर हो,’ म्हणालात. मी व्हरांड्यात उभी. घंटा होते, मुलं जातात, तुम्ही खडूचे हात पदराला पुसत माझ्यापाशी येता. ‘नाही पाहिलं,’ तुम्ही म्हणता. ‘म्हणून काय शिकवू नको गो?’ मग तुम्ही पुस्तकातलं ते पान ब्लेडने कापून माझ्या हातात देता. अजून आहे ते माझ्याकडे, कडेने पिवळं पडलंय.

पुढच्या तासापासून नकाशा सुरू झाला, खरी चित्रं बघायला जायचा. मेमध्ये निघायचं, आधी रोम, मग फ्लॉरेन्स, व्हिएन्ना, शेवटी पॅरिस, शाळा सुरू व्हायच्या आत तुळिंजला तुमच्या घरी परत. सामानाची चर्चा तर काय रंगायची! तिकडचं ऊन बाधू नये म्हणून कोकमं घ्यायची, सुती साड्या, छत्री. मला हुकूम होता, ‘तुमच्या वाडीतली सुकेळी आण, वाळवलेली केळी महिनोन्‌महिने टिकतात. तिकडे जेवण पसंत पडलं नाही तर?’ युरोपच्या थंडीत सुती साडी नेसून सुकेळी खाणाऱ्या बाई! आज हसायला हवं, पण मला गलबलून येतं. तुमच्याकडे साधा पासपोर्टही नव्हता.

तुम्ही आजारी आहात हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. तुळिंजला तुमच्या भावाच्या घरी आले. एवढीशी जागा, बाहेर बाजाराचा कालवा, आत तुमची वहिनी बांगडे तळत होती. तिला त्या वासाची लाज वाटत असावी, सारखी म्हणत होती, ‘यांना आता काही चालत नाही ना, पण घरात पोरं आहेत.’ तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशीच खाटेवर होतात, डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. माझ्याकडे पाहून म्हणालात, ‘या मेमध्ये काही जमायचं नाही. पुढच्या मेमध्ये बघू.’ मी मान डोलावली. पावसाळ्याआधीच तुम्ही गेलात. मला कुणी कळवलंही नाही. नंतर शाळेवरून जाताना शिपाईमामांनी सांगितलं, तेही फाटक लावता लावता. मी नुसतं ‘हो का’ म्हणाले आणि चालत राहिले. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, कॉलेजच्या कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर.

मग पुढचा मे येतच राहिला. नोकरी, लग्न, मुलगी, सासूचं आजारपण. नवरा वाडीतला माणूस, केळी आणि मोगरा यांच्यापलीकडे त्याचं जग नाही, पण मनाने सरळ. मी युरोप म्हटलं की तो म्हणे, ‘मग फादरच्या यात्रेबरोबर जा ना. रोम, लूर्द, फातिमा, धा दिवसात घरी. चर्चमधी पन चित्रं असतात.’ त्याला कसं सांगणार, की मला नवस फेडायचा नाही, एका खोलीत एका चित्रासमोर मुकाट बसायचंय. निवृत्त झाले की जाऊ, असं मीच स्वतःला समजावत आले.

निवृत्त झाले आणि दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. सरळ रेघ मधेच पोटात कळ आल्यासारखी वाकते. डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. डाव्या डोळ्याने आता नवऱ्याकडे पाहिलं तर त्याचे कान दिसतात, केस दिसतात, आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन घेते. हो, डोळ्यातच. डॉक्टर बजावतात, ‘एकही चुकवायचं नाही. चुकलं आणि नजर गेली, तर परत आणता येणार नाही.’ मी विचारलं, नियमाने घेतलं तर राहील का? ते म्हणाले, ‘जितकी टिकेल तितकी टिकवू.’ म्हणजे काय ते मला समजलं. पोस्टात असलं गोलमाल उत्तर काउंटरवर मीही पुष्कळांना दिलंय.

म्हणून हा उन्हाळा, बाई. तिकडचा खरा उन्हाळा. मी अर्धा तास काही पाहिलं की डोळा पाणावतो आणि सगळं लिबलिबित होतं, म्हणून दिवसाला एकच खोली, जमलं तर एकच चित्र. एवढ्यासाठीच दोन महिने लागतात. मुलगी म्हणते, ‘मम्मी, सगळं ऑनलाइन आहे, झूम करून बघ ना.’ तिने व्हिएन्नातली ती म्हातारी मला लॅपटॉपवर दाखवलीही. शाल लाल नाही. मातकट आहे, तागाच्या पोत्यासारखी. मुलीच्या मोबाइलवर तीच शाल हिरवट दिसते. कोणावर विश्वास ठेवायचा? मला तिच्यासमोर उभं राहून ठरवायचंय, आणि ठरवायला जो डोळा लागतो तो माझ्याकडे या वर्षी आहे. टिकवून ठेवलेल्या नजरेने मी काय करणार, मोगऱ्याच्या कळ्या मोजणार? असं मी नवऱ्याला तोंडावर म्हणाले. तो जेवता जेवता थांबला. ‘मला बघ ना,’ म्हणाला. एवढंच.

शेवटी तोच नमला. डॉक्टर हो म्हणाले तर जा, एवढी एकच अट घातली. मुलीने बिनपगारी सुट्टी टाकली, व्हिसाला बोटांचे ठसे देऊन झाले, कुठलं संग्रहालय सोमवारी बंद आणि कुठलं मंगळवारी, ते तिने सगळं जुळवलं. मला हात धरून नेणार आहे ती, जिन्यांवर, स्टेशनांवर. काल तिने पुन्हा विचारलं, ‘मम्मी, डॉक्टर नक्की काय म्हणाले? तिकडे इंजेक्शनचं बघायला लागेल ना?’ मी म्हटलं, ‘दोन महिन्यांनी काही बिघडत नाही म्हणाले, जाऊन या.’ तिने लगेच पप्पाला हाक मारून सांगितलं. तो नुसता हसला आणि वाडीत गेला. किती दिवसांनी हसला.

हे मी जाड स्केचपेनने लिहितेय, ओळी एकमेकींवर चढत असतील. तुमचा पत्ता नाही, म्हणून धीर होतोय. मी डॉक्टरांना विचारलेलंच नाही, बाई. विचारणारही नाही. तुम्ही असतात आणि विचारलं असतंत, तर तुमच्याशीही मी हेच खोटं बोलले असते.