हाताचं ऐकायचं

सर,

तुमचा क्लास सोडावा की सोडू नये, या एका प्रश्नात माझा हा सगळा उन्हाळा गेला. कुणाशी बोलायची सोय नाही. घरी विषय काढला तर "मग सोड की, कुणी धरून ठेवलंय?" एवढंच उत्तर मिळतं, आणि क्लासमध्ये बोलावं तर ज्याच्याबद्दल बोलायचं तो तुमचाच मुलगा. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे मध्येच तोडून "मुद्द्याचं बोल" असं तुम्ही म्हणणार नाही, हा एक फायदा.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तुम्ही जॉबर होता. दिवसभर बिघडलेले माग दुरुस्त करायचे आणि पाळी संपली की हातावरचं ऑइल चिंधीनं पुसत शेजारच्या रिकाम्या शेडमध्ये यायचं, आम्हाला ज्युदो शिकवायला. टॉवेलच्या कारखान्यातला सुताचा कचरा ताडपत्रीत भरून तुम्ही गाद्या शिवल्या होत्या. कुणाला आपटलं की धूळ उडायची आणि पडणारा आणि पाडणारा दोघंही शिंकायला लागायचे. भिंतीपलीकडे माग चालू असायचे. त्या खडखडाटात ओरडून बोललेलं शेजारच्याला कळत नसे. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून म्हणालात, "हितं तोंडाचं कुणाला ऐकू येत न्हाय. हाताचं ऐकायचं. थाप पडली की सुटलं पायजे." गळा आवळला गेला, हात पिरगळला, सोसेना झालं, की गादीवर थाप मारायची. आणि थाप पडली की त्याच क्षणी सोडायचं, मग डाव जिंकत आलेला असो नाहीतर नसो. मागावरची माणसं दिवसभर एकमेकांशी हातानंच बोलायची. तुमचा नियम तिथूनच आला असणार.

एकदा मी एका मुलीचा गळा आवळून धरला होता आणि तेवढ्यात माझे वडील न्यायला आले. मी दाराकडे बघितलं. तिची थाप मला कळायला जरा उशीर झाला. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल माझ्या मनगटावर फटकन मारलात. "ध्यान कुटं हाय तुजं? तिचा जीव तुज्या हातात हाय आन् तू दारात कोन आलं बगतीस व्हय?" पुढचा आठवडाभर मला जोडीदार दिला नाहीत. कोपऱ्यात एकटीच पडायचा सराव करत राहिले. तेव्हा तुमचा फार राग आला होता. नंतर लग्नात तुम्ही तुमच्या कारखान्यातला एक जाड टॉवेल दिलात आणि नवऱ्यासमोरच म्हणालात, "सासरी गेली तरी संध्याकाळची यायची ही. सांगून ठिवतो." सासर दोन गल्ल्या पलीकडे होतं, तरी सासूबाईंना ते बरेच दिवस लागून राहिलं. आणि शेवटी दवाखान्यात तुम्ही शेडची किल्ली माझ्या हातात दिलीत. "पोरगं लई हट्टी हाय. तू रहा. क्लास बंद पडू द्यायचा न्हाय." मी राहिले, तुमच्या मुलाच्या जोडीनं शिकवत.

क्लास बंद पडला नाही, सर. उलट कधी नव्हता एवढा भरलाय. नव्या गाद्या आल्या, निळ्या, धूळ न उडणाऱ्या. भिंतीवर मेडल लावायला जागा उरलेली नाही. पलीकडचे माग मात्र बंद पडले. शेड शांत असते, पंख्याचा आवाज ऐकू येतो. तुमचा मुलगा कधी आवाज चढवत नाही. तो तुमच्यासारखा ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यानं मोठ्या मुलामुलींना एक नवी गोष्ट सांगितली. थाप पडली तरी एक श्वासभर सोडायचं नाही. मला म्हणाला, "स्पर्धेत घाबरून लवकर थाप मारतात, ताई. एक श्वास पुढं काढता आला पाहिजे." मी म्हटलं, असेल, त्याला नव्या गोष्टी कळतात. मग एकाचे दोन श्वास झाले. मग त्यानं मान हलवल्याशिवाय कुणी सोडेनासं झालं. आता त्या शांत शेडमध्ये गळ्यातून येणारा आवाज दारापर्यंत ऐकू येतो आणि दाराशी चपला काढणारी लहान पोरं तो ऐकत उभी राहतात.

माझी मुलगी दहावीत आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती त्याची सगळ्यात आवडती विद्यार्थिनी. मे महिन्यात एकदा मी पीठ मळत असताना ती ओट्याशी माझी थट्टा करत उभी होती, म्हणून मी गमतीनं तिच्या गळ्याभोवती कोपर अडकवलं. लहानपणापासूनचा आमचा खेळ आहे तो. ती लगेच माझ्या हातावर थाप मारायची आणि आम्ही दोघी हसायचो. यावेळी थाप पडली नाही. मी आणखी जरा आवळलं, आता मारेल म्हणून. तिचं अंग स्वस्थ होतं. वाकून बघितलं तर चेहरा लालबुंद आणि डोळे उघडे, समोरच्या डब्यांवर लावलेले. मी हात काढला. माझ्या हाताचं पीठ तिच्या गळ्याला लागलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "सोडलंस कशाला? अजून होता की श्वास." त्यानंतर एकदा ती न्हाणीघरात बादलीतल्या पाण्यात तोंड बुडवून बसलेली सापडली. सराव चाललाय म्हणाली. मला त्या दिवसापासून घरात भीती वाटायला लागली.

मी त्याच्याशी बोलायला गेले. तो गाद्या पुसत होता. "हे थांबव," मी म्हटलं. "सरांचा नियम मोडतोयस तू."

त्यानं फडकं बाजूला ठेवलं. "मला हे कुणी शिकवलं, ताई? तुम्ही तिथंच होता की."

मी होते. तो तेव्हा माझ्या मुलीच्या वयाचा होता. स्पर्धेत लवकर थाप मारून हरून आला होता. तुम्ही त्याला गादीवर बोलावलंत, मागून गळ्यात हात घातलात. त्यानं थाप मारली. तुम्ही सोडलं नाहीत. त्यानं परत मारली, परत मारली. माग खडखडत होते, त्यामुळे आवाज काहीच नव्हता, नुसता हात वर जाताना आणि खाली येताना दिसत होता. मग तो हात गादीवर तसाच राहिला. तेव्हा तुम्ही सोडलंत. तो खोकत उठून बसला. तुम्ही बाहेर जाऊन सगळ्यांसाठी भजी आणलीत, त्यालाही खायला लावलीत. आणि मी, सर, हीच गोष्ट नव्या मुलांना कौतुकानं सांगत आले. आपले सर किती कडक, स्वतःच्या मुलालाही सोडलं नाही. तो दर वेळी शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून ती ऐकत असणार.

तरीही मी लगेच क्लास सोडला नाही. वाटलं, मी गेले तर तिथं लक्ष ठेवायला कोण आहे? तुमचा शब्दही होताच. काही पालकांना फोन केले. एक आई म्हणाली, "मेडल येतंय की ताई. आन् पोरगं मोबाईलपासनं लांब हाय." दुसऱ्यांनी तुमच्या मुलालाच विचारून घेतो म्हटलं.

परवा संध्याकाळी त्यानं माझ्या मुलीला मध्ये घेतलं. तिच्याहून जड मुलीनं मागून डाव लावला. बाकीचे गोल बसले. तो वर उभा, हात मागे बांधून. माझ्या मुलीचा हात वर गेला. मला वाटलं, आता मारेल. तो हात हवेत थांबला, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि अलगद, आवाज न करता, गादीवर ठेवून दिला. धरणाऱ्या मुलीनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली नाही. माझ्या मुलीची गादीवरची बोटं हळूहळू ढिली पडत चाललेली मी बघितली. मी गुडघ्यावर बसले आणि गादीवर थाप मारली, तळहात झणझणेपर्यंत, पुन्हा पुन्हा. त्या मुलीनं एकदम सोडलं. तिच्या अंगात तो जुना नियम अजून होता, मीच शिकवलेला.

माझी मुलगी खोकली, उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" तुमच्या मुलानं पुढच्या जोडीला बोटानं खूण केली आणि दोघं उठून मध्ये आले. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. क्लास चालू होता. आजही असेल.

ती माझ्याशी बोलत नाही. मी भाकरी थापायला घेतली की स्वयंपाकघरातून उठून जाते. किल्ली मी उद्या कुणाच्या तरी हाती पाठवून देणार आहे आणि त्या पालकांच्या दारोदार स्वतः जाणार आहे, कोण किती ऐकेल ठाऊक नाही. हे कागद मात्र घरातच राहतील. ते कुठं पाठवायचे हा प्रश्न नाहीच, पण तुमच्या मुलाच्या हाती लागायला नकोत.

एक सांगायचं राहिलं. निघताना गादीच्या कडेला उभं राहून तुमच्या फोटोला वाकून नमस्कार करायचा, ही पद्धत तुमच्यामागं मीच घातली. परवा माझ्या मुलीनं, रागानं रडत असतानाही, तो केला. मी चपला हातात घेऊन दाराशी उभी होते. माझा घाईत राहून गेला असं मी तिला सांगितलं. घाई नव्हती, सर.