चार नंबरची खिडकी

१५ एप्रिल
लग्न ठरलं! नांजाला माझी! तिचे खाएंबाकाका म्हणाले, "वासिके, पोरगा बरा आहेस. जूनअखेर चार गाई दारात बांध आणि मुलगी घेऊन जा. नाहीतर तो शाळामास्तर टपलेलाच आहे." गाईंचं काय एवढं! दवाखान्यामागचे सहा संडास बांधून चौदा महिने झाले. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारकडून बिल निघालं की चार काय, पाच बांधतो!

१७ एप्रिल
घात झाला. बिलांच्या चार नंबर खिडकीत बदली होऊन नवीन बाई आल्यात. कोण? माझ्या होणाऱ्या सासूबाई!
गेल्या आठवड्यापर्यंत त्या खिडकीवर रोज जाऊन डोकं खात होतो. आता तोंड दाखवायची चोरी! आमच्या रीतीत सासू-जावयानं बोलायचं नाही, समोर यायचं नाही. वाटेत दिसल्या तर झुडपात शिरायचं. ऑफिसात झुडूप कुठलं? झेरॉक्स मशीनमागे शिरलो. सासूबाई मागच्या दारानं पळाल्या. रांगेतली माणसं माझ्यावरच खवळली — "तू आलास की खिडकी बंद!"

२ मे
फोन केला. "हॅलो, चार नंबर." त्यांचाच आवाज! ठेवला.

१९ मे
शिपाई मुरुंगाला फितवलंय. रोज चहा आणि दोन मंडाझी, तळलेले गोड पाव. आजची बातमी — "बाई तुझी फाईल बघून उसासे टाकतात." संपलं! जावई पसंत नाही त्यांना.
नांजालाला विचारलं, तर म्हणते, "आई घरी ऑफिसचा विषयच काढू देत नाही. जावयाचं बिल आहे, लोक संशय घेतील म्हणते."

९ जून
मुरुंगाच्या मंडाझी आता चार झाल्या. बातमी तीच.

२३ जून
खाएंबाकाका बाजारात भेटले. "गाई चालत येतायत का रांगत?" चारचौघांत म्हणाले! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२७ जून
गेलो एकदाचा. उलटा! खिडकीकडे पाठ, डोक्यावर छत्री. समोरच्या भिंतीला म्हणालो, "अगं भिंती, एका माणसाचं बिल कुठं अडलंय गं?"
मग मागून आवाज — "कपाटा, ऐक रे बाबा! त्या माणसाच्या खातेनंबरात एक आकडा कमी आहे! मी एप्रिलमध्येच सही केली. पैसे दोनदा बँकेतून परत आले. मुरुंगाकडे दहा वेळा निरोप दिला!"
मुरुंगाच्या तोंडात मंडाझी. माझीच! "साहेब, निरोप सांगितला असता तर चहा बंद झाला असता ना..." 
त्याला धरून हाणणार होतो, पण सगळं ऑफिस हसून लोळत होतं. मलाही हसू फुटलं. आकडा माझाच चुकलेला. बरोबर नंबर लिहिला, पाठीमागे हात करून कागद आत सरकवला. कुणीतरी तो हळूच ओढून घेतला.

३० जून
पैसे आले नाहीत. संध्याकाळी पाचला सरकारचं जुलै ते जून आर्थिक वर्ष संपलं, कॉम्प्युटर बंद. आता माझं बिल थकीत बिलांच्या समितीकडे. समिती आधी तपासणार, संडास खरोखर आहेत का! त्यातले दोन साहेब तिथंच जातात रोज!! किती दिवस लागतील विचारलं. "कधी महिने, कधी वर्षं."
नांजालाला फोन करायची हिंमत होईना. रडलो. खोटं कशाला लिहू?

१ जुलै
मास्तर नवा कोट घालून काकांकडे गेला म्हणे. जेवलो नाही.

३ जुलै
सकाळी दार उघडलं तर नांजाला! हातात कपड्यांची पेटी. मी म्हटलं, "अगं, गाई? काका?"
"आईनं सुनावलं त्यांना — गाई येणार की नाही ते मला शिकवू नका, त्याच्या बिलावर सही माझी आहे. उशीर सरकारनं केलाय, माझ्या जावयानं नाही."