फाटकाबाहेरची खुर्ची

२१ जुलै, सोमवार

‘पालकहो! शाळा आपल्या मुलांना पाढे शिकवते, पण भीती वाटली तर काय करायचं ते कुणीच शिकवत नाही, ही आपली सगळ्यांची तक्रार आहे—’

शनिवारच्या पालकसभेसाठी एवढं लिहिलं आणि पेन अडलं. विषय मीच सुचवलेला : निर्भय मूल!

आणि माझं मूल? धनश्री आज पुन्हा फाटकातच ओकली. चौथीत आहे. “आई, तू जाणार नाहीस ना?” “नाही गं. घाबरू नकोस, मी इथेच आहे.” शिपाई भिमाजीने खुर्ची आणून ठेवली. शाळा सुटेपर्यंत बसले. पाच आठवडे हेच चाललंय.

भिमाजी म्हणतो, “म्याडम, आता तुमाला बी हजेरीत घ्यावं लागतंय. चौथी ब!”

हसले.

२२ जुलै

सासूबाईंनी धनश्रीवरून मीठमोहऱ्या उतरवल्या. मी ओरडले— या घरात असले प्रकार चालणार नाहीत! त्या शांतपणे म्हणाल्या, “गावोगाव भाषनं करतीस. घरातल्या एका पोरीची भीती न्हाई गेली तुज्यानं.”

मी भाषणाचे कागद उचलून आत गेले.

२४ जुलै, गुरुवार

नगरला गेलो. मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञ, डॉ. सबिहा. धनश्रीशी बोलून झाल्यावर मला म्हणाल्या, “तुम्हाला कशाची भीती वाटते?”

“मला? मी भरसभेत बुवांना आव्हान देते.”

“ते नाही विचारलं.”

मग सांगितलं. सहा वर्षांपूर्वी बेलापूरला व्याख्यान होतं. फोन बंद करून बोलत होते. इकडे तीन वर्षांच्या धनश्रीला तापात झटके आले. फोन चालू केला तेव्हा नवऱ्याचे, कल्याणचे, सतरा मिस कॉल! पोरगी वाचली, बरी झाली. पण तेव्हापासून व्यासपीठावरही फोन समोर उघडा असतो, आणि टाळ्या पडत असतानाही माझी नजर त्याच्यावरच.

डॉक्टर म्हणाल्या, “भ्यायचं कारण नाही असं तिला सांगता आणि बाहेर दिवसभर पहारा देता. मग तिने काय समजायचं?”

“औषध?”

“सध्या नको. आधी तुमची खुर्ची हलवू. रोज थोडी लांब. आणि पोट दुखतंय का, हे विचारणं बंद.”

संताप आला. दोष माझाच का? गाडीत कल्याण म्हणाला, “बरोबर बोलल्या त्या.” मी म्हटलं, “तू समोर बघून गाडी चालव.”

घरी येईपर्यंत दोनदा विचारलं— पोट दुखतंय का गं?

२५ जुलै

खुर्ची रस्त्यापलीकडे, चहाच्या टपरीपाशी. धनश्री अकरा वेळा खिडकीत आली. मी मोजलं.

२६ जुलै, शनिवार

पालकसभा गाजली. आवाज चढला, शब्द हवे तसे आले, लोक उभे राहिले. नंतर तौफिकभाई जवळ आले. “म्याडम, आमची बानू बी लई भित्री हाय. घरी तुमी काय करता?”

“धीर देते,” म्हटलं.

लबाड! कुठला धीर? माझ्यापाशी आहे का तो?

२८ जुलै

पहिल्यांदा घरी थांबले. दिवसभर. भात करपला. काही झालं नाही. ती पाच वाजता चालत आली!

२९ जुलै, मंगळवार

दुपारी रुग्णवाहिकेचा भोंगा शाळेच्या दिशेने गेला. बस्स! गॅस तसाच, स्कूटर काढली, फाटकाशी पोचले तेव्हा श्वास पुरत नव्हता. रुग्णवाहिका केव्हाच पुढे निघून गेलेली.

मधली सुट्टी होती. धनश्री पायरीवर मैत्रिणींबरोबर डबा खात होती. हसत होती— तोंडात घास, मान मागे टाकून. कित्येक महिन्यांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग तिने मला पाहिलं. हसू गेलं. हात पोटावर गेला.

मला बघून! मला!

३० जुलै

शाळेत गेली नाही. रात्रभर ओकली.

३१ जुलै, गुरुवार

आज डॉक्टरांनी तिला कोरा कागद दिला. कशाकशाची भीती वाटते ते लिही आणि प्रत्येकीला दहापैकी गुण दे. मला बाहेर बसवलं. नंतर धनश्रीला विचारून कागद माझ्या हातात दिला.

कुत्रा – ३. भागाकार – ४. बाईंचा आवाज – २. शाळा कुठेच नाही!

सगळ्यात खाली, गिरवून गिरवून :

‘मी वर्गात असले की आईला खूप भीती वाटते. तेव्हा तिच्याजवळ कुणीच नसतं – १०.’

ऐक, बोलघेवडे. टाळ्या पुरे झाल्या. उद्या तिला कल्याणच्या गाडीत बसव, हसून हात हलव, आणि उंबरा ओलांडू नकोस.