अंदमानचं पाणी

रविवार, संध्याकाळ

उद्या आम्ही दोघं अंदमानला निघतोय आणि माझं डोकं तिथल्या नळाच्या पाण्यातच अडकलंय. गेल्या वर्षी यांना कावीळ झाली, तेव्हापासून लई धास्ती वाटते. इथं मुकुंदवाडीत मी पाणी उकळूनच देते, तिथं कोण देणार? शेवटी हॉटेलात फोन लावला. माणूस म्हणाला, "नळाचं पाणी आंघोळीला वापरा, ताई. प्यायला आम्ही उकळून देतो." खरंच उकळतील? बॅगेत किटली टाकलीच. हे हसले, "फिरायला चाललोय का चहाचं दुकान टाकायला?" हसू देत.

मग हे नवी हाफपँट घालून आरशासमोर उभे राहिले. आजारात यांना नुसतं उठवून बसवायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागायची. आज म्हणतात, "समुद्रात तू बी उतरायचं, सांगून ठेवतो."

मी लगेच हो म्हटलं.