गच्चीवरचे ५१.४ अंश

१० एप्रिल. सकाळी ६.
पुण्याहून भूमिकाचा फोन. माझी भाची, हवामानावर पीएचडी करते. म्हणाली, एका उन्हाळ्यावरून क्लायमेट कळत नाही मामा, निदान तीस वर्षांचा डेटा लागतो. कोराडीच्या पॉवर स्टेशनातून रिटायर होऊन मला दोन वर्षं झाली. आता साठ. म्हणजे नव्वदीला काम पूर्ण. हरकत नाही.
संकल्प: रोज सकाळी ८.३० आणि संध्याकाळी ५.३० ला गच्चीवर तापमान घेणे. खाडा नाही.

११ एप्रिल. ८.३०.
३१.५. एकदम सायंटिफिक वाटलं.

१२ एप्रिल. ९.५०.
८.३० ला डोळा लागला होता. ३२ लिहिलं. तेवढंच असणार.

१६ एप्रिल.
तीन दिवस कन्हानला, साळ्याच्या मुलीच्या लग्नात. आल्यावर मागचे-पुढचे आकडे पाहून मधले भरले. याला इंटरपोलेशन म्हणतात. पार्वती म्हणाली, आमच्याकडे याले थापा मारनं म्हणतेत. बायकोचा सायन्सशी संबंध नाही.

२४ एप्रिल.
भूमिका म्हणते, थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत, मोकळ्या जागी, भिंतीपासून लांब हवा. चपलांचा रॅक पांढरा रंगवला. चपला जिन्यात. पेटी मात्र शेजारच्या भिंतीला टेकवली, म्हणजे खुर्चीतून न उठता वाचता येतं. संशोधकाच्या गुडघ्यांचाही विचार करावा लागतो.

६ मे. ५.३०.
५१.४. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ५१.४. नागपुरात असं कधी झालेलं नाही. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर टाकलं. अ‍ॅडमिन नत्थूजींनी लगेच सगळ्यांचा वॉक बेमुदत बंद केला. माझ्या शब्दावर चाळीस माणसं घरी बसली. ऑफिसात चार ऐकत नव्हती.

८ मे.
एका स्थानिक पेपरचा जितेंद्र रविवारी मुलाखतीला येतोय. भूमिकाही त्याच दिवशी येणार. लग्नातला कोट काढला. मे आहे, पण फोटोत ऊन दिसत नाही.

१२ मे. रविवार.
भूमिका गच्चीवर आली. तिनं पेटीकडे नाही, वर पाहिलं. वर शेजारच्या अंकुशच्या एसीचं युनिट, नेमकं पेटीवर गरम हवा सोडत होतं. खुर्चीतून ते दिसत नाही. तिनं पेटी दहा फूट सरकवली. वीस मिनिटांत ४३.६.
जितेंद्रनं पेनाला टोपण लावलं. निदान सातत्य तरी पाहा, म्हणून मी वही पुढे केली. भूमिका पानं उलटत गेली. मग हळूच म्हणाली, मामा, आज बारा तारीख आहे. वहीत वीसपर्यंत आकडे होते. (पुढच्या आठवड्यात अमरावतीला जायचंय.) मी म्हणालो, याला फोरकास्ट म्हणतात.
ती रागावली नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, चुकलेला दिवस रिकामा ठेवायचा असतो. हवामानाचे फुगे दिवसातून दोनदा वर सोडतात. एखादा लवकर फुटला, तर फुटला असंच लिहितात.
मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तासभर बाहेर आली नाही. पार्वतीनं बावीस वर्षांची कॅलेंडरं जपून ठेवली आहेत. अंगणातल्या आंब्याला मोहर कधी आला, कूलर माळ्यावरून कधी उतरवला, विहीर कधी आटली, सगळं त्या त्या तारखेच्या चौकोनात. मी ती रद्दी समजत होतो. भूमिका म्हणाली, मामी, अशाच जुन्या नोंदी आम्ही शोधून राहिलो. पार्वती म्हणाली, मले काय माहीत वं, मी तं विसरू नये म्हणून लिवलं.
जितेंद्रनं टोपण काढलं.

१३ मे.
पेपरात पार्वतीचा फोटो, मांडीवर कॅलेंडरं. डाव्या कडेला कोटाची एक बाही आहे. ती माझी. वॉक पुन्हा सुरू. नत्थूजींनी मला नुसते हात जोडलेले पाठवले.

२५ मे.
कॅलेंडरांतल्या नोंदी एक्सेलमध्ये टाकायचं काम भूमिकानं माझ्यावर सोपवलं. म्हणजे प्रोजेक्ट शेवटी माझ्याच हातात.
दुपारी एक नोंद सापडली, दरवर्षीची: 'यांची चिडचिड सुरू.' पहिल्या कॅलेंडरात २८ एप्रिल. दहाव्यात ९ एप्रिल. गेल्या वर्षी १७ मार्च.
भूमिकाला फोन करून सांगितलं, हा कॉलम अनसायंटिफिक आहे, काढतो. ती म्हणाली, काढू नका मामा, बावीस वर्षांत एकही गॅप नाही, मोहरापेक्षा पक्की सीरिज आहे.
यंदाची तारीख कुठंच दिसेना. पार्वतीला विचारलं. कणीक मळता मळता म्हणाली, सुरू व्हायले मागची बंद कुठं झाली.